एक जोडा, किती जमिनी

अंकाई गावातून गडाकडे निघालो तेव्हा सॅकमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या, दशम्या, एक गोणपाटाचा तुकडा आणि बुटांचे दोन जोड होते. तिसरा जोड पायात होता. जानेवारीतली सकाळ, मनमाडचा कोरडा गार वारा. गडाचे दोन्ही माथे उन्हात आले होते, मधली खिंड अजून सावलीत होती. दुपारपर्यंत तीनही जोड एकाच वाटेवर, एकाच दिवशी, एकामागून एक घालून बघायचे ठरवून मी आलो होतो.

बुटाच्या खोक्यावर हल्ली एक शब्द हमखास छापलेला असतो : ‘ऑल टेरेन’. म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारा. या शब्दाशी माझं भांडण नाही, पण प्रश्न आहे. कुठल्याही म्हणजे कुठल्या? ज्याने हा बूट बनवला त्याने मुरूम पाहिला आहे का? आपल्याकडचं मार्गशीर्षात वाळून उताराच्या दिशेने लोळलेलं गवत पाहिलं आहे का? आषाढातल्या गडाची पायरी पाहिली आहे का? बूट निवडताना आपण दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं टाकतो आणि तेवढ्यावर पुढच्या तीन वर्षांच्या डोंगरवाटा त्याच्या हवाली करतो. घोटा मुरगळून खांद्यावरून उतरवलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना खांदा दिला आहे. म्हणून हा विषय मला फार जवळचा वाटतो.

बुटाकडे बघायची नजर मला वडिलांकडून मिळाली. ते रेल्वेत कीमन होते. हातात पाना आणि हातोडा, खांद्याच्या पिशवीत लाल झेंडी, आणि रोज ठरलेल्या टप्प्यातला रूळ पायी तपासत जायचा. रुळाखालची खडी म्हणजे ६५ मिलिमीटरपर्यंतचे, मुद्दाम धारदार कोनांचे फोडलेले दगड. ते एकमेकांत अडकून बसावेत म्हणून तसे फोडतात, आणि नेमके तेच कोन चालणाऱ्याच्या तळव्यात घुसतात. स्लीपर साधारण ६० ते ६५ सेंटीमीटरवर. माणसाच्या मोकळ्या पावलाशी ते अंतर जुळत नाही, म्हणून एक पाऊल सिमेंटच्या स्लीपरवर तर पुढचं खडीवर. यार्डाजवळ आलं की त्यात तेल-ग्रीसची भर. म्हणजे त्यांच्या रोजच्या वाटेवर तीन वेगवेगळ्या जमिनी होत्या, आणि बूट एकच. दुकानात ते बूट पायात घालायच्या आधी दोन गोष्टी करत. अंगठ्याचं नख तळव्याच्या रबरात दाबत आणि खूण किती वेळात भरून येते ते बघत. मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवत. तो बोटांच्या मुळाशी वाकला तर ठीक. मध्येच, खळग्यापाशी वाकला तर परत. पाऊल जिथे वाकतं तिथेच बूट वाकला पाहिजे, हे साधं यंत्रशास्त्र आहे. शाळेत मला ते फार उशिरा कळलं.

पण ‘एकच साधन, अनेक जमिनी’ हा प्रश्न नीट मांडून सोडवतात ते बर्फावर. मनमाडवरून झेलम एक्सप्रेस जाते, पुणे ते जम्मू. लहानपणापासून तिच्या पाट्या वाचत आलो होतो. एका फेब्रुवारीत त्याच गाडीत बसून गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलो. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. तिथून पाळणा दोन टप्प्यांत वर जातो : आधी कोंगडोरी, मग अफरवटचा खांदा, सुमारे ३,९५० मीटर. आम्ही नवशिके खालच्या सौम्य उतारावरच असायचो. पण संध्याकाळी शिकवणारे उस्ताद स्कीच्या खोलीत बसून धारा घासत, मेण लावत, तेव्हा मी शेजारी जाऊन बसे.

अफरवटवरून खाली येताना एकाच घसरणीत बर्फ चार वेळा बदलतं. माथ्यावर वाऱ्याने ठोकून दाबलेलं, जवळजवळ खरवडून काढावं लागेल असं. त्याखालच्या वाटीसारख्या खोलगट भागात ताजं, पिठासारखं भुसभुशीत. झाडीत शिरलं की सावलीत एक आणि उन्हात एक. तळाशी दुपारी पाणी सुटलेलं, जड, पायाला ओढणारं. हा फरक नुसता डोळ्यांना दिसणारा नाही. थंडीतलं ताजं बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतं, वाऱ्याने दाबलेलं ३५० ते ४००, आणि निखळ गोठलेलं ९१७. सगळं एकाच पदार्थाचं, पण घनतेत नऊपटीहून जास्त अंतर. जमिनीवर एवढी तफावत आपल्याला क्वचितच भेटते.

भुसभुशीत बर्फाला रुंद स्की लागते, कारण वजन पसरलं पाहिजे. हिशेब करून पाहा. ७५ किलोचा माणूस एका पावलावर उभा राहिला तर बुटाच्या साधारण २०० चौरस सेंटीमीटर तळव्यातून दर चौरस सेंटीमीटरला ३७५ ग्रॅम भार जातो. तोच माणूस १७० सेंटीमीटर लांब आणि सरासरी १० सेंटीमीटर रुंद अशा दोन स्कींवर उभा राहिला की तो भार २२ ग्रॅमवर येतो. म्हणून तो बुडत नाही. पण तीच रुंद स्की कडक बर्फावर आडवी कलवून तिची पोलादी धार रुतवायला जास्त जोर आणि जास्त वेळ लागतो. तिथे अरुंद, ताठ, आत धातूचे पत्रे घातलेली स्की हवी. म्हणून स्कीची ‘कंबर’, म्हणजे पायाखालची रुंदी, हा पहिला आकडा विचारतात. सगळ्या डोंगरावर चालणारी म्हणून जी स्की विकतात तिची कंबर साधारण ८५ ते १०० मिलिमीटरच्या मध्ये असते, मध्ये थोडी कमान असते आणि टोकं वर वळलेली असतात : कमान धारेच्या पकडीसाठी, टोकं भुसभुशीत बर्फात तरंगण्यासाठी. ती कशातच सर्वोत्तम नसते. ती कशातही दगा देणार नाही एवढंच बनवणारा बघतो, आणि ते साधणं सर्वांत अवघड.

उस्तादांची तपासायची रीत मला सगळ्यांत मोलाची वाटली. त्या हंगामात त्यांना भाड्याने द्यायच्या स्की निवडायच्या होत्या. बूट तेच, उतार तोच, वळणं तीच, फक्त स्की बदलायची. धारा आधी सारख्या घासून घ्यायच्या, नाहीतर तपासणी स्कीची न होता धारेची होते. आणि शेवटची स्की झाली की पुन्हा पहिल्या स्कीवर यायचं. कारण सकाळी दहाचं बर्फ दुपारी दोनला तेच राहत नाही. पहिली स्की सकाळी वाईट वाटली आणि चौथी दुपारी छान वाटली, तर बदललं काय : स्की, बर्फ, की आपले सैलावलेले पाय? पहिलीवर परत आल्याशिवाय हे सांगता येत नाही. बुटांच्या बाबतीत असं कोणी करताना मी पाहिलं नव्हतं. घरी परतताना झेलमच्या वरच्या बर्थवर पडल्या पडल्या ठरवलं की आपल्या गडांवर हे करायचं.

आपल्याकडे बर्फ नाही, पण जमीन बदलते ती भूगर्भामुळे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि दख्खनचं पठार झालं. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा कातळ. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेली. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीची पट्टी. घट्ट थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो आणि त्यावर मुरूम साचतो. म्हणून आपले गड लांबून पायऱ्यांसारखे दिसतात : कडा, उतार, कडा, उतार. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की दर शंभर-दोनशे फुटांनी पायाखालचं बदलतं. अंकाई तर सुमारे ३,२०० फुटांचा, तासाभरात माथ्यावर नेणारा गड. तपासणीला याच्याइतकी सोयीची जागा मला माहीत नाही.

गावातून वर आलं की अंकाईच्या जोडीच्या टंकाई या दुसऱ्या माथ्याच्या पायथ्याशी जैन लेणी लागतात. तिथल्या दगडी पायऱ्यांवर पहिली तपासणी. इतक्या पावलांनी घासलेला दगड गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत दगडावर रबराची खरी परीक्षा असते. रबर दगडाला दोन प्रकारे धरतं. एक, अगदी जवळून चिकटतं. दोन, दगडाच्या बारीक खडबडीत उंचवट्यांत दबून शिरतं, आणि सरकताना ते उंचवटे रबराला मळत असल्यासारखे दाबतात, त्यात शक्ती खर्च होते आणि सरकणं अडतं. दगड ओला झाला की पहिली पकड बहुतेक जाते, दुसरी शिल्लक राहते. मऊ रबर उंचवट्यांत जास्त शिरतं म्हणून ओल्यातही बऱ्यापैकी धरतं, पण ते लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्या कातळावर सुटतं. वडील नखाने हेच बघत होते. नख सहज रुतलं तर बूट लवकर झिजणार, रुतलंच नाही तर ओल्या स्लीपरवर दगा देणार.

हे घरीही मोजता येतं. मी एक मीटर लांबीच्या फळीवर काळ्या दगडाची खडबडीत फरशी बसवली आहे. तिच्यावर बूट ठेवायचा, त्यात वाळूची दोन किलोची पिशवी, आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. बूट सरकतो तेव्हा टोक जमिनीपासून किती सेंटीमीटर उचललं गेलं ते मोजायचं. ५७ सेंटीमीटरला सरकला तर कोन सुमारे ३५ अंश आणि घर्षणांक ०.७. ३४ सेंटीमीटरला सरकला तर कोन २० अंश, घर्षणांक ०.३६. २० सेंटीमीटरला सुटला तर साडेअकरा अंश आणि घर्षणांक ०.२, असा बूट घालून ओल्या कातळावर उभं राहणंही धोक्याचं. आधी कोरडी फरशी, मग ओली, मग वर मुठीभर मुरूम भुरभुरलेली. जर्मनीत फरश्यांची घसरण मोजताना माणसालाच तेल ओतलेल्या उतरंडीवर चालायला लावतात आणि तो घसरेपर्यंत उतरंड वाढवत नेतात, तत्त्व हेच. माझ्या फळीला एक मर्यादा आहे. रबराचा घर्षणांक वजन वाढलं की थोडा कमी होतो, त्यामुळे दोन किलोवरचा आकडा पंचाहत्तर किलोच्या माणसाला जसाच्या तसा लागू करू नये. पण दोन बुटांत कोण सरस हे कळायला फळी पुरते. माझ्याकडचा जाड तळव्याचा, सगळ्यांत महाग जोड कोरड्या फरशीवर बाकीच्यांच्या बरोबरीने राहिला आणि पाणी शिंपडल्यावर सगळ्यांच्या आधी सुटला. दुकानात हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

लेण्यांपासून खिंडीकडे वळलं की मुरूम सुरू होतो, आणि इथे वरचं सगळं शास्त्र बाजूला पडतं. कातळावर पसरलेला बारीक मुरूम म्हणजे सायकलच्या चाकातले छर्रे. रबर दगडाला भेटतच नाही. ते खड्यांवर बसतं आणि खडे दगडावर लोळतात. तळव्याचे खोल दातेही इथे कामाचे नाहीत, कारण रुतायला खाली जागाच नसते. जिथे मुरूम वीतभर साचला आहे त्या घसाऱ्यावर मात्र दाते काम करतात, टाच दाबली की बूट स्वतःची पायरी करून घेतो. फरक दोन पावलांच्या अंतरावर असतो आणि वरून दोन्ही सारखंच दिसतं. चढताना फारसं कळत नाही. उतरताना प्रत्येक पाऊल पुढे ढकलतं, त्यामुळे उताराच्या कोनाला जेवढं घर्षण लागतं त्याहून जास्त लागतं. म्हणून मी चढताना काही लिहून ठेवत नाही; वहीतल्या सगळ्या नोंदी उतरतानाच्या आहेत.

खिंडीतून अंकाईच्या दरवाज्यांकडे जाताना एक गुराखी उतरत होता. पायात टायरच्या वहाणा. टायरचं रबर कडक, रस्त्यावर हजारो किलोमीटर घासायला केलेलं; फळीवर ठेवलं तर ओल्या फरशीला ते पार नापास होईल. तरी तो त्या मुरमावरून माझ्याहून सहज उतरला. मी थांबून त्याचे पाय बघितले. पाऊल छोटं, तळवा सपाट टेकणारा, गुडघे किंचित वाकलेले, आणि तिरकं तिरकं उतरणं. टाच आधी आपटून लांब पाऊल टाकायची आपली रस्त्यावरची सवय त्याला नव्हती. त्याला विचारलं तर म्हणाला, “भाऊ, सपाट पाय टाका, बोटांनी चाचपत या.” मग माझ्या चालण्यातला फरकही तपासणीत धरला : प्रत्येक जोड घालून दोनदा उतरायचं, एकदा सवयीने आणि एकदा त्याच्यासारखं. जाड बुटात सपाट पाय टाकला तरी जमीन बोटांना कळत नाही. कॅनव्हासच्या हंटर बुटात कळते.

हंटर बुटांबद्दल सांगितलंच पाहिजे. सैन्याचं जुनं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळणारे हिरवे कॅनव्हासचे हे बूट, आणि नंतर आलेले अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट, यांच्यावर सह्याद्रीत फिरणाऱ्या दोन पिढ्या वाढल्या. परदेशी बूट घेण्याची कुणाची ऐपत नव्हती आणि मिळतही नव्हते. हंटर हलका, पाणी शिरतं तसं निघूनही जातं, आणि पातळ तळव्यामुळे कातळावर पाय बोलतो. त्याचा दोष असा की दगडधोंड्यांच्या लांब वाटेवर तळवा दुखून येतो. वडिलांनी खडीवर तो एक दिवसही घातला नसता.

मनमाडच्या आसमंतात आणखी एक जागा आहे जिथे बुटाचा प्रश्न अगदी निकरावर येतो : हडबीची शेंडी. रेल्वेतून दिसणारा, आकाशाकडे उंचावलेल्या अंगठ्यासारखा तो सुळका. पोरं त्याला थम्सअप म्हणतात. पायथ्यापासून सुळक्याच्या बुडापर्यंत घसारा चढायचा आणि मग दोर लावून प्रस्तरारोहण. बुडाशी आलं की आरोहक बूट बदलतात. चालायचे बूट तिथेच ठेवायचे आणि तळवा सपाट, पाय आवळून धरणारे, मऊ चिकट रबराचे आरोहणाचे बूट चढवायचे. चढून झालं की दोरावरून पुन्हा त्याच जागी उतरायचं असतं, म्हणून हे चालतं. बुडाशी ठेवलेले बूट वाट बघत असतात.

पण हीच रीत एकदा जिवावर बेतली. पूर्वी युरोपातले गिर्यारोहक तळव्याला खिळे ठोकलेले चामड्याचे जड बूट घालून डोंगर चढत. बर्फावर ते छान धरत, पण कातळावर खिळे घसरत. म्हणून कड्याच्या बुडाशी ते जड बूट काढून पातळ, हलके जोडे घालून चढायचे. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या पुंता रासिका या शिखरावर मिलानच्या विताले ब्रामानी याचा गट असाच हलक्या जोड्यांत चढला आणि वर वादळात सापडला. बर्फ पडलं, कातळ गोठला, पायात काहीच नव्हतं जे त्यावर धरेल किंवा थंडी अडवेल. सहा जण मेले. ब्रामानी वाचला, आणि त्याला एकच गोष्ट सतावत राहिली : खडकावरही धरेल आणि बर्फावरही धरेल असा एकच तळवा का नसावा? १९३७ मध्ये त्याने पिरेली या टायरच्या कंपनीच्या मदतीने खोल दात्यांचा रबरी तळवा केला. त्याच्या नावाच्या अक्षरांवरून त्याला व्हायब्रम हे नाव पडलं. १९५४ मध्ये के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्या इटालियन मोहिमेच्या पायांत हेच तळवे होते. आज जगभरच्या ट्रेकिंग बुटांच्या तळव्यांवर जी नक्षी दिसते तिचं मूळ त्या सहा मृत्यूंत आहे. ‘ऑल टेरेन’ हा शब्द खोक्यावर वाचताना मला म्हणूनच तो हसण्यावारी नेता येत नाही. हा शब्द जाहिरातवाल्यांच्या आधी शोकातून आलेला आहे.

त्या जानेवारीत माथ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. अगस्तींची गुहा, तलाव, आणि मग पठारभर गवत. डिसेंबर-जानेवारीतलं हे गवत वाळून उताराच्या दिशेने झोपलेलं असतं. काड्या गुळगुळीत, एकाच दिशेला, जणू कोणी तेल लावून विंचरल्यात. पठारावर त्याचं काही वाटत नाही, पण कडेच्या उतारावर पाय ठेवला की काडीवर काडी सरकते आणि माणूस बसतो. इथे रबराचा मऊपणा कुचकामी, दातेच कामाचे. तेही लांब अंतरावर असलेले, धारदार कोपऱ्याचे, जे गवत दुभागून मातीत जातील. माझ्या तीन जोडांत कातळावर पहिला आलेला हलका मऊ बूट गवतावर शेवटचा आला. जाड महाग बूट, जो ओल्या फरशीवर सुटला होता, तो इथे पहिला. उतरताना मी पुन्हा पहिल्या जोडावर आलो. सकाळी जो हंटर मला ‘बरा’ वाटला होता तो दुपारी तळवे भाजताना ‘नको’ वाटला. सकाळची नोंद खोडली नाही, शेजारी दुपारची लिहिली.

पावसाळ्यातली परीक्षा इथे होत नाही. मनमाड पर्जन्यछायेत, पावसाळ्यातही आकाशाकडे बघत बसायची सवय असलेलं गाव. त्यासाठी पश्चिमेला, घाटाकडे जावं लागतं. जुलैत कळसूबाईला गेलो, १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च टोक. तिथल्या लोखंडी शिड्या ही स्वतंत्र जमीन आहे. हजारो बुटांनी घासलेलं ओलं लोखंड कातळाहून निसरडं, कारण रबराने शिरावं असे उंचवटेच त्याच्यावर उरलेले नसतात. इथे बुटाची पकड विसरून बुटाचा आकार वापरावा लागतो : चवडा न टेकता टाचेपुढचा खळगा पायरीच्या दांड्यावर अडकवायचा. ज्या बुटाच्या टाचेला स्पष्ट खाच नाही तो इथे दांड्यावरून पुढे सरकतो.

हरिहर गडाच्या खोदीव पायऱ्या उभ्या, पण प्रत्येक पायरी सपाट आणि हाताला खोबणी. तिथे बुटापेक्षा हात महत्त्वाचे. खरा शत्रू शेवाळ. ओला कातळ परवडतो, शेवाळलेला नाही. शेवाळाचा बुळबुळीत थर दगड आणि रबर यांच्यामध्ये पूर्ण उभा राहतो आणि जगातलं कुठलंही महाग रबर त्याच्यापुढे सारखंच हरतं. मी तीनही जोडांचे तळवे हिरव्या दगडावर घासून पाहिले. फरक सांगण्याइतकाही पडला नाही. तिथे सॅकमधला गोणपाटाचा तुकडा कामाला आला. पायरीवर अंथरून त्यावर पाय दिला की धाग्यांची जाळी शेवाळात रुतते.

येवला-मनमाडच्या काळ्या मातीचं मात्र थोडक्यात. पाणी पडलं की ती फुगते, चिकटते, आणि शंभर पावलांत बुटाखाली दुसरा बूट तयार होतो. दाते दाट असतील तर माती त्यांत अडकून तळवा गुळगुळीत होतो. दात्यांमध्ये बोट जाईल एवढी जागा असलेला तळवा चालता चालता माती झटकतो.

एक फसगत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. काही वर्षांपूर्वी सेलमध्ये एका नामी कंपनीचे भारी बूट घेतले. जपून वापरायचे म्हणून कपाटात ठेवले, वर्षातून एखाद्या मोठ्या ट्रेकला काढायचे. सहाव्या वर्षी टंकाईवरून उतरताना डाव्या टाचेखाली काहीतरी मऊ लागलं. बघतो तर तळवा आणि बूट यांच्यामधला पांढरट थर चुरमुऱ्यासारखा भुगा होऊन गळत होता. दहा पावलांत उजवाही गेला. पाच-सहा वेळा घातलेले, वरून नवेकोरे दिसणारे बूट. सुतळीने आवळून गावापर्यंत आलो. हा थर पॉलियुरेथेन या फेसाळ पदार्थाचा असतो. हलका आणि लवचीक. पण हवेतली आर्द्रता वर्षानुवर्षं त्याच्यात मुरते आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहते. वापरलं नाही म्हणून ते टिकत नाही. उलट, वापरात दाब येत राहतो तेव्हा आत साचलेला ओलावा काहीसा बाहेर पडतो, आणि बंद खोक्यात, दमट कपाटात तो जास्त बिघडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यांत तर अधिकच. म्हणून जुना, न वापरलेला बूट मोठ्या मोहिमेला थेट घालू नये. आधी घरामागच्या टेकडीवर दोन तास, आणि अंगठ्याने तो मधला थर दाबून बघायचा : बारीक भेगा दिसल्या, थर चुरचुरला, तर तो जोड निवृत्त. वडिलांचं नख इथेही कामाचं आहे, फक्त ते तळव्याऐवजी कडेच्या थरात दाबायचं.

दुकानात जाताना दुपारनंतर जावं, कारण दिवसभर चालून पाऊल फुगलेलं असतं. आणि ज्या मोज्यांत ट्रेक करणार तेच मोजे घालून जावं. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावर उतरायच्या बाजूला तोंड करून उभं राहावं. अंगठा पुढे टेकला तर तो बूट कळसूबाई उतरेपर्यंत नख काळं करणार.

आता माझ्या वापरात दोन जोड उरले आहेत. पावसाळ्यात आणि कातळावर हलका, मऊ रबराचा. हिवाळ्यात गवत-घसाऱ्यावर जाड दात्यांचा. तिसरा, हंटर, वडिलांच्या जुन्या पिशवीत आहे, ज्या पिशवीत ते लाल झेंडी ठेवत. गेल्या दिवाळीत पुतण्याला पहिला ट्रेकिंगचा बूट घ्यायला मनमाडच्या बाजारात गेलो. त्याने खोक्यावरचं वाचायला सुरुवात केली, तोवर माझ्या हातात बूट होता आणि अंगठ्याचं नख तळव्यात. खूण उमटली, सावकाश भरून आली. मग वाकवून पाहिला. बोटांच्या मुळाशी वाकला. दुकानदाराला म्हटलं, थोडं पाणी आणा आणि बाहेरच्या पायरीवर ओता. तो आधी बघत राहिला, मग तांब्या घेऊन आला. पुतण्या ओल्या पायरीवर उभा राहिला, एक पाऊल खाली, एक वर, तीन वेळा. मग तो जोड काढून त्याला दुसरा दिला, मग तिसरा, आणि शेवटी पुन्हा पहिला.